सिंहाचं तोंड कुणीकडे?

पहिला चमचा मी चार पौंडांना घेतला आणि घरी येताना प्रत्येक लाल सिग्नलला तो पिशवीतून काढून बघितला. बर्मिंगहॅमच्या बाहेर एका मैदानावर रविवारी सकाळी लोक गाड्यांच्या डिक्या उघडून घरातली अडगळ विकतात. तिथे काट्या-चमच्यांनी भरलेल्या एका टोपलीच्या तळाशी तो होता. दांड्याच्या मागे ओळीनं चार ठसे, प्रत्येक ठसा आपापल्या चिमुकल्या ढालीत, आणि शेजारी एक मुकुट. मुकुट म्हणजे शेफील्ड गावची चांदी, एवढं मी आदल्याच आठवड्यात वाचलं होतं. विकणाऱ्या बाईला काही कळत नाही आणि आपल्याला सगळं कळतं, या आनंदात मी घरी पोचले.

संध्याकाळी हुपरीला फोन लावला. कोल्हापूरजवळचं हुपरी म्हणजे चांदीच्या पैंजणांचं गाव. आमच्या घरात तीन पिढ्या चांदी वितळवणं, तार ओढणं आणि घुंगरू जोडणं एवढंच चालत आलंय. मी शिकून इथल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले, पण चांदीची वस्तू घ्यायची आणि बाबांना दाखवायची नाही, हे अजून जमत नाही.

"टंच किती हाय?" बाबांचा पहिला प्रश्न. टंच म्हणजे चांदीचा कस, शंभरात किती शुद्ध ते.

"इथे टंच काढावा लागत नाही बाबा. शिक्क्यावरून कळतो."

"मग काय हाय शिक्क्यावर?"

"ई, पी, एन, एस. आणि मुकुट."

"दिलंस किती?"

मी सांगितलं. पलीकडे पौंडाचे रुपये होईपर्यंत शांतता. मग बाबा म्हणाले, "एवढ्यात चांदी इकणारा खुळा तुला कुठं गावला? जर्मन आसंल ते."

जर्मनच होतं. ई.पी.एन.एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा, आणि निकेल सिल्व्हर म्हणजे आपल्याकडच्या लग्नांत आहेर म्हणून फिरणारं जर्मन सिल्व्हर. तांबं, जस्त, निकेल. चांदीचा कणही नाही. यातला खोचक भाग असा, की विजेनं मुलामा चढवण्याचं हे तंत्र १८४० साली पेटंट घेऊन बाजारात आणणारे एल्किंग्टन याच बर्मिंगहॅमचे. मुलाम्याचा माल करणाऱ्यांनी आपली अक्षरं मुद्दाम अशा ढालीढालींत बसवली, की लांबून बघणाऱ्याला ती खरी हॉलमार्कच वाटावीत. शेफील्डच्या मुकुटाचा तर इतका गोंधळ झाला, की पुढे मुलाम्याच्या मालावर मुकुट मारायला बंदीच आली. माझा चमचा बंदीच्या आधीचा असावा. सध्या तो मिठाच्या बरणीत आहे.

त्या फोननंतर मी ईर्षेनं अभ्यासाला लागले. खिशात मावेल एवढी शिक्क्यांची पुस्तिका आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग, एवढंच भांडवल. पहिल्या महिन्यात जे कळलं ते सांगते, कारण पुढची सगळी फजिती त्यावर उभी आहे.

इंग्लंडमधल्या जुन्या चांदीवर साधारणपणे चार किंवा पाच ठसे सापडतात. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग शुद्ध. बाबांच्या भाषेत साडेब्याण्णव टंच. हा सिंह १५४४ पासून आहे. मध्ये १६९७ ते १७२० या काळात तो सुट्टीवर गेला होता, कारण सोनार लोक चांदीची नाणी वितळवून भांडी करायला लागले होते. नाणं आणि भांडं एकाच कसाचं राहू नये म्हणून भांड्यांचा कस ९५८च्या वर नेला आणि सिंहाच्या जागी ब्रिटानियाची बसलेली मूर्ती आली. दुसरा ठसा गावाचा. बिबट्याचं तोंड लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, मुकुट शेफील्डचा, तीन बुरुजांचा किल्ला एक्सिटरचा, तीन सुटे किल्ले न्यूकासलचे. लंडनच्या त्या बिबट्याकडे कितीही बघा, तो सिंहच दिसतो. आणि आहेही सिंहच. जुन्या ढालचिन्हांच्या फ्रेंच बोलीत समोर तोंड केलेल्या सिंहाला बिबट्या म्हणत, ते नाव तसंच चिकटलं.

समुद्रापासून एवढ्या लांबच्या बर्मिंगहॅमला नांगर कसा, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. इथल्या मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराला आपली चांदी तपासून घ्यायला चेस्टरला पाठवावी लागे. रस्त्यात माल चेपायचा, वेळ जायचा. त्यानं आणि शेफील्डवाल्यांनी पार्लमेंटमागे लकडा लावला आणि १७७३ साली दोन्ही गावांना आपापलं अ‍ॅसे ऑफिस, म्हणजे चांदीचा कस तपासून शिक्का मारणारी कचेरी मिळाली. ही मंडळी लंडनमध्ये 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत जमत असत. तिथे नाणं उडवून एकानं मुकुट घेतला, दुसऱ्यानं नांगर, असं सांगतात. नाण्याचं खरंखोटं देव जाणे, पण गोष्ट झकास आहे.

तिसरा ठसा कारागिराच्या आद्याक्षरांचा. चौथा राजाच्या किंवा राणीच्या डोक्याचा, आणि तो फक्त १७८४ ते १८९० या काळातला. चांदीवर कर बसवला होता, सुरुवातीला औंसाला सहा पेन्स; कर भरल्याची पावती म्हणजे ते डोकं. आणि पाचवं वर्षाचं अक्षर. लंडनमध्ये ए पासून यू पर्यंतची वीस अक्षरं, जे वगळून. वीस वर्षं संपली की अक्षरांचं वळण बदलून पुन्हा ए पासून सुरुवात. कधी मोठी लिपी, कधी छोटी, कधी जाड गॉथिक.

हे अक्षर १४७८ मध्ये सुरू झालं ते वस्तूचं वय कळावं म्हणून नव्हे, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्या वर्षी कस तपासणारा माणूस कोण होता, हे पुढे कधी हलका माल सापडला तर शोधता यावं, म्हणून ते होतं. आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक अहवालाखाली तपासणाऱ्याची आद्याक्षरं असतात ती याचसाठी. ज्याला आज आपण तारीख म्हणून वाचतो, ती मुळात कुणाची तरी मान अडकवायची सोय होती.

दुसरी खरेदी साधली. मोहरीच्या चटणीचा बोटभर चमचा: नांगर, सिंह, छोटं डी, राजाचं डोकं नाही. डोकं नाही म्हणजे १८९० नंतरचा, नांगर म्हणजे इथलाच, आणि १९०० पासून सुरू झालेल्या फेरीतलं डी म्हणजे १९०३. पाच मिनिटांत निकाल. एवढ्या झटपट जमलं, तिथेच घात झाला.

तिसरा चमचा मोठा, वाढणीच्या चमच्याएवढा. एका जुन्या बाजारात काळाकुट्ट पडलेला. हातात घेतल्याबरोबर वजन जाणवलं. घरी तोलला तर अडुसष्ट ग्रॅम. ठसे पाचही होते, पण काळेपणात बुजलेले. आणि मग मी जे केलं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आजी गौरी-गणपतीच्या आधी घरातली सगळी चांदी रांगोळीनं घासायची. ताम्हन, निरांजन, अत्तरदाणी, सगळं ओसरीवर मांडून, ओल्या फडक्यावर रांगोळी घेऊन, खसाखसा. उन्हात ठेवलं की डोळे दिपायचे. माझ्याकडे दिवाळीला सोहो रोडवरच्या दुकानातून आणलेलं रांगोळीचं अर्धं पाकीट होतं. मी चमचा घेतला आणि ठशांवर, नेमक्या ठशांवर, अंगठ्यानं दाबून घासलं. चमचा लखलखला. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. दोनशे वर्षं पुसून पुसून आधीच पातळ झालेल्या कडांवर मी ती फिरवत होते. नंतर मला कळलं, की जुन्या चांदीत ठशांच्या कडा किती धारदार उरल्यात यावर दर्दी माणूस वस्तूची निम्मी किंमत ठरवतो, आणि काळेपणा मऊ कापडानं हलक्या हातानं जेवढा निघेल तेवढाच काढतो.

तर लखलखीत चमचा भिंगाखाली धरला. बिबट्या, म्हणजे लंडन. सिंह. उजवीकडे बघणारं राजाचं डोकं. छोट्या लिपीतलं एल. आणि कारागिराच्या चौकटीत दोन अक्षरं: दुसरं बी, पहिलं झिजलेलं, दोन रेघांची टोकं तेवढी दिसत होती.

पुस्तिकेत छोट्या साध्या अक्षरांची फेरी १७७६ला सुरू होत होती. बोटं मोजली: एल म्हणजे १७८६. आणि बी. माझ्या छातीत धडधडायला लागलं, कारण १७८६ला लंडनमध्ये एच.बी. हा ठसा मारणारी एक बाई होती. हेस्टर बेटमन. नवरा १७६० साली वारला, पदरात पोरं, आणि या बाईनं १७६१ साली गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, म्हणजे लंडनच्या अ‍ॅसे ऑफिसात, स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवून बनहिल रोमधला कारखाना सुमारे तीस वर्षं चालवला. साधे, देखणे, हलके चमचे ही तिची खासियत. इंग्रजी चांदी जमवणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला तिची भुरळ पडते असं म्हणतात. मला पडण्याचं कारण जास्त घरचं होतं. हुपरीत घरोघरी बायका घुंगरू जोडतात, डोळे जाईपर्यंत जोडतात, आणि पेटीवर नाव असतं पुरुषाचं. माझ्या आजीचं नाव कुठल्याच पैंजणावर नाही.

म्हणून मला तो चमचा हेस्टरचा हवा होता. दोन रेघांची टोकं दिसत होती. त्यांच्यामधली आडवी रेघ मी मनानं काढली आणि एच पुरा केला. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणारी बाई मी, एखाद्या पेशीबद्दल शंका आली तर तीन वेळा काच बदलून बघणारी. वहीत शाईपेननं लिहून टाकलं: हेस्टर बेटमन, लंडन, १७८६.

पुढच्या महिन्यात कामानिमित्त लंडनला गेले तेव्हा चॅन्सरी लेनला वेळ काढला. तिथे जमिनीखाली चांदीच्या व्यापाऱ्यांची दुकानं आहेत, एकेकाळच्या तिजोऱ्यांमध्येच थाटलेली. जिने उतरून खाली गेलं की बँकेच्या तिजोरीला असतात तसले जाडजूड दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजाआड छतापर्यंत चांदी. मी एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानात शिरले. विकायला नाही, नुसतं विचारायला आलेय, हे आधीच सांगितलं. तो म्हणाला, "बसा, मंगळवारी कोणी येत नाही."

चमचा त्याच्या हातात देताना मी सांगून मोकळी झाले, १७८६चा आहे म्हणून. त्यानं चमचा पालथा केला, आणि भिंग न लावता वर्षाच्या अक्षरावर अंगठा ठेवला.

"आता सांगा, किती सालचा?"

मला सांगता येईना. माझं सगळं ज्ञान त्याच्या अंगठ्याखाली होतं.

"सिंहाचं तोंड कुणीकडे आहे?"

मी भिंग लावलं. सिंह डावीकडे चाललाय आणि समोरच बघतोय, जिकडे चाललाय तिकडे.

"आणि बिबट्याच्या डोक्यावर काय आहे?"

काही नव्हतं. कानांमध्ये सपाट.

त्यानं खणातून दुसरा चमचा काढून शेजारी ठेवला. त्यावरचा सिंह चालता चालता मान वळवून माझ्याकडे बघत होता, आणि बिबट्याच्या डोक्यावर मुकुट होता. "हा १७८६चा," तो म्हणाला. "१८२१च्या सुमारास लंडनच्या बिबट्याचा मुकुट गेला आणि सिंहानं मान वळवायचं सोडलं. तुमचा सिंह सरळ बघतोय. छोट्या अक्षरांची फेरी १८१६ला पुन्हा सुरू झाली. मोजा."

मी मोजलं. १८२६. चाळीस वर्षांचा फरक, आणि हेस्टर १७९४ सालीच गेलेली. राजाचं डोकं उजवीकडेच बघत होतं, पण ते तिसऱ्या जॉर्जचं नव्हतं, चौथ्या जॉर्जचं होतं. डाव्या-उजव्यावरून या दोघांत काही कळत नाही.

मग त्यानं मला ठसे सोडून चमचाच बघायला लावला. माझ्या चमच्याच्या दांड्याला टोकाजवळ आणि वाटीजवळ व्हायोलिनसारखे खांदे होते. त्याच्या चमच्याचा दांडा गुळगुळीत, निमुळता, टोक किंचित खाली झुकलेलं. खांद्यांची ही फॅशन, म्हणजे 'फिडल' नमुना, लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात बोकाळली. "दुरून दांडा बघून मला एकोणिसाव्या शतकाच्या बाजूचा की अठराव्या, एवढं कळलंच पाहिजे," तो म्हणाला. "मग गावाचा ठसा, मग सिंह, मग डोकं आहे की नाही. हे चौघं एकमेकांशी पटले, की शेवटी अक्षराला विचारायचं. तुम्ही अक्षरापासून सुरू केलंत आणि बाकीच्यांना गप्प बसवलंत." हा सिंहाच्या मानेचा नियम लंडनपुरताच, हेही त्यानं बजावलं. बर्मिंगहॅमचा सिंह त्यानंतर कित्येक वर्षं मान वळवूनच चालत होता.

त्या दुकानात मी दीड तास होते. त्यानं ज्या वस्तू दाखवल्या त्यांतली एक विसरत नाही: वाटीत द्राक्षं आणि पेअर उठवलेला, सोन्याचं पाणी दिलेला, भलताच नटवा चमचा. ठसे तिसऱ्या जॉर्जच्या काळातले, अस्सल. पण फळं व्हिक्टोरियाच्या काळात कुणीतरी साध्या चमच्यावर ठोकलेली. शिक्के खरे, त्यांच्यावर भरवसा ठेवून काढलेला निष्कर्ष खोटा. आणखी एका कपाटात कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीची चांदी होती. हिंदुस्थानात अ‍ॅसे ऑफिस नव्हतं, म्हणून कंपनीनं विलायती थाटात आपलेच ठसे पाडले. सिंहाच्या जागी हत्ती. मला हसू आलं. "तुमच्याकडे मग शुद्धता कशी कळायची?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, खरवडून टंच काढतात. तो म्हणाला, "इथेही खरवडतातच. ठसा त्यानंतर उमटतो." आपली गल्ली आणि त्याची गल्ली एवढी जवळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

निघताना त्यानं कारागिराच्या ठशाकडे बोट केलं. "हा एच कशावरून म्हणालात?"

मी कबूल केलं, हवा होता म्हणून.

"हेस्टरचा ठसा वळणदार हस्ताक्षरात असतो. ही छापील अक्षरं आहेत," तो म्हणाला. "श्वास सोडा त्यावर."

मी तोंडाजवळ धरून हळूच हाः केलं, चष्म्याची काच पुसताना करतो तसं. चांदीवर धुकं बसलं आणि विरताना क्षणभर खोल रेघा उजळल्या. त्यानं दिवा खाली, टेबलाच्या कडेला आडवा आणला. दोन रेघा उभ्या नव्हत्याच. खाली जाताना एकमेकींकडे झुकत होत्या. डब्ल्यू.

डब्ल्यू.बी., लंडन, १८२६. घरी आल्यावर नोंदी चाळल्या, तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते आणि मला पुन्हा तसंच धडधडायला लागलं. हेस्टरचा कारखाना तिच्यानंतर पोरांनी चालवला, पीटर आणि जोनाथननं. जोनाथन लगेच गेला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅन दिरासोबत उभी राहिली. या घराण्यात विधवांनी ठसा उचलायची रीतच पडली होती म्हणायची. अ‍ॅनचा मुलगा विल्यम. आणि या विल्यम बेटमननं १८१५ साली एकट्याच्या नावानं ठसा नोंदवला. डब्ल्यू.बी. हेस्टरचा नातू.

पण त्या काळात लंडनमध्ये डब्ल्यू.बी. हा काही एकटाच नव्हता. अशा वेळी आद्याक्षरं पुरत नाहीत. दोन अक्षरांमध्ये टिंब आहे की नाही, चौकटीचे कोपरे कापलेले आहेत की गोल, यावर एकाचा ठसा दुसऱ्यापासून ओळखतात. मी भिंग लावलं, श्वास सोडला, दिवा आडवा केला. टिंबाच्या जागी चांदी गुळगुळीत. चौकटीचे कोपरे वितळल्यासारखे. आधीच्या दोनशे वर्षांत किती झिजले आणि माझ्या रांगोळीनं किती, याचा हिशेब आता लागणार नाही.

बाबांना फोन केला. सगळी कथा सांगितली. सिंह, मुकुट, नातू, सगळं.

"टंच?" ते म्हणाले.

"साडेब्याण्णव."

"वजन?"

"अडुसष्ट ग्रॅम."

"मग खरा हाय की. घासू नगंस आता."

वहीतली शाईनं लिहिलेली ओळ खोडली आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: फिडल नमुना, लंडन, १८२६-२७, डब्ल्यू.बी. सत्तावीस अशासाठी, की लंडनचं अक्षर मे महिन्याच्या अखेरीस बदलायचं, त्यामुळे एक अक्षर दोन सालांत पाय टाकून असतं. नावाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह आहे.